गंधकाशेजारची चांदी

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, तेव्हा बबनराव शिरूरहून राहू गावाला आले. गाडी त्यांचा मुलगा विनोद चालवत होता आणि बबनरावांनी मांडीवर एक कापडी पिशवी दोन्ही हातांनी धरली होती. सोपानराव शेवंतीच्या पट्ट्यात होते. बांधाशी गाडी थांबलेली बघून ते हात झटकत बाहेर आले. बबनरावांनी पिशवीतली लाल फ्लॅनेलची गुंडाळी काढली, सावकाश सोडली, आणि आतलं भांडं उन्हात धरलं.

"वळखलं का?"

सोपानरावांनी ओळखलं. न ओळखायला काय झालं. बिनगळ्याच्या गडूसारखं ते गोल पोटाचं चांदीचं भांडं, सोललेल्या नारळाएवढं. बाहेरून सगळं मीनाकाम: चांदीच्या पिळाच्या तारेनं फुलं-पानं वळवलेली आणि त्या तारेच्या घरांत निळा, मोरपिशी, पांढरा, डाळिंबी रंग भरलेला. काठाभोवती रशियन अक्षरं. आत सोन्याचा मुलामा. बुडाला रशियन बायकांच्या डोईवर असतो तसा मुकुट घातलेल्या बाईचा इवलासा छाप आणि शेजारी चांदीच्या कसाचा, चौऱ्याऐंशीचा आकडा.

"घराला रंग काढलाय, फरशी उखाडलीय," बबनराव म्हणाले. "गौतमीचं लग्न जानेवारीत. तवर माणसांची सारखी ये-जा. कुणाचा हात लागला, खाली पडलं, म्हंजी संपलं. तुझ्याकडं ऱ्हाऊ दे."

"बँकेत लॉकर न्हाई का?"

"हाय की. पर लॉकरमधी कागद ठेवत्यात. हे माणसांत ऱ्हायलं पायजे. आन् तू काय परका हायस?"

सोपानराव हसले आणि त्यांनी भांडं घेतलं.

दोघांचं वय आता साठीला टेकलेलं. दोघंही राहूचेच. सोपानराव बागायतदार घरातले, फुलं आणि ऊस करणारे. बबनराव बौद्ध वस्तीतले. दहावीपर्यंत एका बाकावर बसले. सोपानच्या अंगणात बबनला पाणी मिळायचं ते वरून ओतलेलं, ओंजळीत. आणि त्या वयात दोघांनाही त्यात वावगं काही दिसायचं नाही, निदान सोपानला तरी दिसायचं नाही. पुढं बबन हुशारीच्या बळावर शिष्यवृत्ती मिळवून रशियाला गेला. धातूंचं शास्त्र शिकला. सहा वर्षांनी, ब्याण्णव साली परत आला तेव्हा तिकडचं राज्य मोडून गेलं होतं. लोक रस्त्याच्या कडेला उभं राहून घरची चांदी विकत होते आणि त्या पैशात पाव-बटाटे नेत होते. बबन ज्या म्हातारीच्या घरी खोली घेऊन राहायचा, त्या नीना सेर्गेयेव्हनानं चमचे विकले, थाळी विकली, पण हे भांडं विकलं नाही. घेणारा वितळवून टाकील, म्हणाली. निघताना तिनं ते बबनच्या हातात दिलं. ते तिच्या आजोबांच्या लग्नातलं होतं.

त्याला म्हणायचं ब्रातिना. ब्रात म्हणजे भाऊ. "आपला भ्राता, त्योच त्यांचा ब्रात," बबनराव सगळ्यांना सांगायचे. तिकडं मोठ्या जेवणाला यात मधाचं पेय भरायचं आणि पंगतीतल्या प्रत्येकानं एकाच काठाला ओठ लावून पुढच्याच्या हाती द्यायचं. म्हातारीनं सांगितलं होतं, यातून एकट्यानं प्यायचं नाही. बबनराव पंचशील पाळणारे, त्यामुळं त्यांच्या घरी ब्रातिनात उसाचा रस भरायचा. आणि तो रस दरवेळी राहूच्या गुऱ्हाळावरून सोपानरावच न्यायचे.

रस न्यायचे, पण आजवर त्यांनी त्या भांड्याला ओठ लावला नव्हता.

पहिल्यांदा, बबनला रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरी लागली तेव्हा, आज चतुर्थी म्हणून सांगितलं. गौतमीच्या नामकरणाला भांडं दोन माणसांवर आलं तसे ते उठले आणि चपला कुणी तरी घालून गेलं म्हणत बाहेर शोधत बसले. शिरूरच्या घराच्या गृहप्रवेशाला मात्र सुटका नव्हती. तेव्हा त्यांनी भांडं दोन्ही हातांनी घेतलं, देवाच्या तीर्थासारखं कपाळाला लावलं आणि शेजाऱ्याला दिलं. कुणाच्या लक्षात आलं नाही अशी त्यांची समजूत होती. उलट एकानं, किती भाव आहे बघा, असं म्हटलेलंही त्यांनी ऐकलं होतं.

एरवी सोपानराव स्वतःला जुन्या वळणाचा माणूस मानत नव्हते. बबनच्या घरी चहा प्यायचे, जेवायचे. चौदा एप्रिलला वस्तीत झेंडूच्या माळा त्यांच्या मळ्यातून जायच्या, एक पैसा न घेता. चहाचा कप ज्याचा त्याचा असतो. हे भांडं सगळ्यांच्या ओठांचं. एवढाच काय तो फरक, आणि त्या फरकाचा त्यांनी कधी खोलात जाऊन विचार केला नव्हता.

बबनरावांची गाडी गेल्यावर ते गुंडाळी घेऊन घरात आले. धुरपदाबाई गवार निवडत होत्या. त्यांनी पदराला हात पुसून भांडं बघायला मागितलं, बोटानं एक निळं फूल चाचपलं.

"कपाटात ठिवू," त्या म्हणाल्या. "देवाची चांदी हाय ना वरच्या फळीवर, समई आन् ताम्हन, त्याच्यापाशी. मऊ कापडात हाय, कशाला धक्का लागायचा न्हाई."

सोपानराव भांडं हातात धरून उभे राहिले. वरची फळी, देवाचं ताम्हन आणि त्याच्या शेजारी हे, एवढं डोळ्यांपुढं आलं आणि हात पुढं जाईना.

"नको," ते म्हणाले. "चोराचिलटाचं भ्या. घरात कुणी बी येतंय. मोटारीच्या खोलीत पेटी हाय, तिच्यात ठेवतो. तिथं कुणाचा डोळा जायचा न्हाई."

"कपाटाला कुलूप हाय की."

सोपानराव फ्लॅनेल पुन्हा गुंडाळू लागले. धुरपदाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि त्या पुन्हा गवारीला लागल्या.

विहिरीवरची मोटारीची खोली म्हणजे आठ बाय दहाची, ओल धरलेली. भिंतीला स्टार्टर, कोपऱ्यात पाइपांची वेटोळी, फवारणीचे पंप, आणि शेवंतीवर भुरीचा रोग पडतो म्हणून आणलेलं गंधकाच्या पावडरीचं पोतं. पोत्याशेजारी पत्र्याची पेटी. तिच्यात त्यांनी ब्रातिना ठेवली आणि कडी लावली. पेटीचं झाकण एका कोपऱ्यात वाकलं होतं, ते त्यांनी पाहिलंही नाही.

त्यानंतर दोन महिने कामाच्या धबडग्यात गेले. भुरी खरंच पडली, गंधक धुरळलं, पोतं अर्धं झालं. बबनरावांचा फोन यायचा. हॉल ठरला, पत्रिका छापल्या, नवरदेव सम्राट सुट्टी टाकून येतोय. शेवटी म्हणायचे, "भांडं बरं हाय ना?" सोपानराव म्हणायचे, "त्याला काय धाड भरलीय."

लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा ते पेटी उघडायला गेले. फ्लॅनेल उलगडलं. रंग जागच्या जागी होते, पण त्यांच्याभोवतीची चांदीची तार, काठ, बूड, सगळं तव्याच्या पाठीसारखं काळं झालं होतं. बुडाचा छाप दिसत नव्हता. त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसलं, काळं हटेना. मग घरातून मूठभर रांगोळी आणली, ओली करून घासायला बसले. थोडं उजळलं तसा धीर आला, आणि त्या धीरानं त्यांनी जोर लावला. टक्कन आवाज झाला. एका फुलाच्या पांढऱ्या पाकळीचा कपचा उडाला होता.

सोपानराव त्या खोलीत गुडघ्यांवर बसून कपचा शोधत राहिले. जमिनीवर सगळीकडं पिवळट पावडर सांडलेली. एवढीशी पाकळी, ती काही सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी पारगावच्या पुलावरून, न्हावऱ्यावरून ते मोटरसायकलनं शिरूरला गेले. वाटभर मनाशी घोकत होते: ओल लागली, यंदा ओल लई.

नव्या रंगाचा वास येणाऱ्या त्या घरात बायका पापड-कुरडया पिशव्यांत भरत होत्या. बबनरावांची बायको ताईबाई म्हणाली, "या भाऊजी, वहिनींना न्हाई आणलं?" गौतमी पुण्याहून आलेली, मेंदी काढायच्या आधी हात धुऊन आली होती. बबनरावांनी चष्मा लावला, भांडं उजेडाला धरलं, फिरवलं. उडालेल्या पाकळीवरून अंगठा फिरवला. मग फ्लॅनेलचं फडकं नाकाशी नेलं.

तीस वर्षं त्या माणसानं भट्टीपुढं धातूचे रंग बघण्यात घालवली होती; गंधकाजवळ चांदी काळी पडते हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"गंधक," ते हळूच म्हणाले. कुणाला सांगायला नव्हे, नकळत तोंडून गेलं.

"बाबा, इतकं काळं कसं झालं?" गौतमीनं विचारलं.

"जुनी चांदी हाय, बाळा. हवा लागली की पडतीया काळी. मी करतो साफ." आणि मग सोपानरावांकडं न बघता, "चल रे, गच्चीवर जाऊ. तिथली फरशी दाखवतो तुला."

गच्चीवर फरशी दाखवून झाली. बबनराव कठड्याला टेकले.

"पोतं कुठं असतं तुझं, गंधकाचं?"

"मोटारीच्या खोलीत."

"हां."

पुढचं ते काही बोलले नाहीत. बोलले असते, शिवी दिली असती, तर सोपानरावांना सोपं गेलं असतं. त्या गप्प बसण्यानं त्यांचा जीव कासावीस झाला आणि तोंडाला आलं ते ते बोलून गेले.

"तुला आमच्या घरचं ठावं हाय, बबन. मला काय वाटतंय त्यात? पर धुरपदाचं देवधर्म, सोवळं-ओवळं. तिला नको होतं घरात. मी लई सांगून पायलं. शेवटी घरात कटकट नको म्हणून…"

बबनरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"वहिनींना नको होतं?"

"व्हय."

"गौतमीच्या नामकरणाला वहिनी आमच्या स्वयंपाकघरात प्याल्या हायती त्यातनं," बबनराव म्हणाले. "ताईबाईच्या हातनं. रस संपत आला तवा पुन्हा मागून घेतला. तू तवा चपला हुडकत होतास."

खाली रस्त्यावरून उसाची ट्रॉली चालली होती. ती वळणाआड जाईपर्यंत दोघंही तिच्याकडं बघत राहिले. सोपानराव मनात एकेक जुळवत होते. चपलांचं याला ठाऊक होतं. म्हणजे चतुर्थीचंही ठाऊक असणार, आणि कपाळाचंही. इतकी वर्षं आपण रस घेऊन येत होतो आणि हा माणूस आपल्याला, ये, बस, म्हणत होता.

"चल," बबनराव म्हणाले. "च्या झाला आसंल."

तो चहा सोपानरावांनी कसा प्यायला ते त्यांचं त्यांना माहीत.

घरी येऊन ते ओट्यावर बसून राहिले. धुरपदाबाईंनी पाणी आणून दिलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "गौतमीच्या बारशाला तू त्या भांड्यातनं प्यालीवतीस?"

"प्याले की. आपल्याच गुऱ्हाळाचा रस हुता."

"मला कवा बोलली न्हाईस."

"तुम्ही बाहीर पळाला हुता. तुम्हाला काय सांगायचं?" त्या सहज म्हणाल्या, आणि मग नवऱ्याचा चेहरा बघून थांबल्या. "का? आज का इचारताय?"

इथंही खोटं बोलता आलं असतं. पण बबनच्या गच्चीवर जे झालं त्यानंतर सोपानरावांच्यात तेवढं बळ उरलं नव्हतं. त्यांनी सांगितलं. खाली बघून, तुटक तुटक, पण सगळं सांगितलं.

"माझं नाव घेतलं?" धुरपदाबाई म्हणाल्या.

सोपानरावांनी तांब्या खाली ठेवला.

"मी म्हणाले कपाटात ठिवू. देवाच्या चांदीपाशी ठिवू म्हणाले. आन् तुम्ही तिथं जाऊन माझं नाव घेतलं. ताईबाई काय म्हणल मला?"

तांब्या उचलून त्या आत गेल्या. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही त्या कामापुरतंसुद्धा बोलल्या नाहीत. सूनबाई शीतलनं दोनदा विचारलं, काय झालं, दोघांनीही काही नाही म्हणून सांगितलं. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी धुरपदाबाईंनी पिशवी भरली. "मी एसटीनं जाते. ताईबाईला हाताखाली माणूस पायजे. तुम्ही या उद्या रस घिऊन," एवढं बोलून त्या निघाल्या.

रविवारी सोपानराव गुऱ्हाळावरून ताज्या रसाचा कॅन भरून लग्नाला पोचले. हॉल भरला होता. गौतमी आणि सम्राट दोघंही पांढऱ्या कपड्यांत. त्रिशरण, पंचशील झालं, दोघांनी एकमेकांना वचनं दिली, फुलं पडली. मग बबनराव ब्रातिना घेऊन पुढं आले. त्यांनी ती खडूच्या पुडीनं, कापसाच्या बोळ्यानं तारेतार करून साफ केली होती. दिव्याखाली झळझळत होती. पाकळीच्या जागी तेवढा राखाडी डाग होता.

आधी नवरा-नवरी प्याले, मग व्याही, विहीणबाई, मग पहिल्या रांगेतली माणसं. भांडं एकाकडून दुसऱ्याकडं जात होतं, रिकामं झालं की विनोद कॅनमधून भरत होता. सोपानराव रांगेत पाचवे होते. त्यांनी रात्रभर मनाशी ठरवलं होतं की आज प्यायचं, सगळ्यांदेखत. चौथ्या माणसाचे ओठ काठाला लागले. त्यांनी हात पुढं केले, म्हणजे करू लागले.

तेवढ्यात बबनराव मधे आले. चौथ्याच्या हातातून त्यांनी भांडं अलगद घेतलं, सोपानरावांच्या समोरून नेलं आणि पलीकडं बसलेल्या गावच्या गेणबा मास्तरांच्या हातात दिलं. जाता जाता त्यांनी सोपानरावांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. मित्राला आणखी एकदा काहीतरी निमित्त शोधावं लागू नये, एवढ्याचसाठी त्यांनी ते केलं होतं.

सोपानरावांचे हात तसेच अर्धवट राहिले. ते त्यांनी हळूहळू मांडीवर ठेवले. बायकांच्या बाजूला धुरपदाबाई प्याल्या, पदरानं तोंड टिपलं. त्यांनी नवऱ्याच्या दिशेनं बघितलं नाही.

पंगती सुरू झाल्यावर सोपानरावांनी बबनरावांना हॉलमागच्या नळाशी गाठलं. बबनराव ब्रातिना स्वतः धूत होते.

"मीच ठेवलं हुतं," सोपानराव म्हणाले. "धुरपदाचा काडीचा संबंध न्हवता. ती म्हणत हुती देवापाशी ठिवू."

"ठावं हाय मला. काल येऊन ताईबाईपाशी रडल्या त्या."

"आन् पाकळी माझ्या हातनं उडाली. घासताना."

"ते बी दिसतंय. रांगोळीचे चरे हायती."

"मग तू कवाच का न्हाई बोललास? त्या चतुर्थीच्या टायमालाच बोलायचं."

बबनरावांनी भांडं पालथं करून पाणी निथळू दिलं. "बोललो असतो तर तू अजून कायतरी सांगितलं असतंस. मग येणं-जाणं थांबलं असतं. मला गावात दुसरं कोण हुतं? तवा हिशेब मनातच ठेवला." भांडं पुसत ते म्हणाले, "पर गौतमीनं परवा इचारलं, काका खाली मान घालून का गेले. पयल्यांदा तिला हवेचं सांगितलं हुतं. दुसऱ्यांदा खोटं सांगवंना. तिला सगळं ठावं हाय. तिच्याशी काय बोलायचं ते तूच बोल."

गौतमी सम्राटबरोबर टेबलाशी जेवायला बसली होती. लहानपणी सुट्टीत राहूला आली की ही पोर त्यांच्या खांद्यावर बसून झेंडूच्या शेतातून फिरायची. सोपानराव तिच्यासमोर उभे राहिले. शेजारी फोटोवाला होता, मावश्या होत्या. हात जोडावेत की नाही ते त्यांना कळेना, शेवटी जोडले.

"पोरी, तुझ्या बापाची वस्तू मी घरात ठेवली न्हाई. गंधकाच्या पोत्याजवळ ठेवली. आन् वर खोटं बोललो."

गौतमीनं हातातला घास ताटात ठेवला. फोटोवाला कॅमेरा खाली घेऊन बाजूला झाला.

"काका," ती म्हणाली, "आज माझं लग्न आहे. आज मला यावर बोलायचं नाही. मी फोन करीन." मग घास पुन्हा उचलून, "जेवून जा."

ते जेवले. परतताना धुरपदाबाई मोटरसायकलवर मागं बसल्या, पण पारगावच्या पुलापर्यंत त्यांच्यात शब्द झाला नाही. पुलावर त्या म्हणाल्या, "सांगितलं का पोरीला?" सोपानराव म्हणाले, "सांगितलं." संध्याकाळी भाकरी वाढताना त्या, "भाजी अजून घ्या," म्हणाल्या.

फोन लगेच आला नाही. आठवडा गेला. पोरीनं तोंडदेखलं म्हटलं असेल असं सोपानरावांना वाटू लागलं, आणि तसं वाटल्यावर आपल्याला जरा हलकं वाटलं याचीही त्यांना लाज वाटली. नवव्या दिवशी सकाळी ते शेवंती तोडत असताना खिशातला फोन वाजला.

गौतमीनं आधी तब्येत विचारली, काकूंची विचारली. मग म्हणाली, "काका, मला एकच विचारायचंय. रागानं नाही विचारत. प्यायलं तर काय होईल असं वाटत होतं तुम्हाला?"

सोपानराव वाफ्यात उभे राहिले. पोटाला बांधलेल्या फडक्यात तोडलेली फुलं होती. त्यांनी खरोखरच आठवून पाहिलं. आई आठवली, भावकी आठवली. पण आई जाऊन वीस वर्षं झाली होती, भावकी पुण्याला पांगली होती, आणि त्यांची स्वतःची बायको तर कधीच पिऊन मोकळी झाली होती.

"काय बी न्हाई, पोरी," ते म्हणाले. "कायसुदिक व्हणार न्हवतं."

"मग?"

ती वाट बघत राहिली. तिनं फोन ठेवला नाही, बोलायला शब्दही सुचवला नाही. सोपानरावांनी फडक्याची गाठ सोडली, फुलं खाली ठेवली आणि बांधावर बसले.

"ऐक," ते म्हणाले. "तुझा बाप आन् मी तिसरीत हुतो. आमच्या अंगणात त्यानं पाणी मागितलं…"